पार्श्वभूमी: मिजेट शर्यती आणि ‘आउटलॉ’ ठरलेला एक चालक

मिजेट, म्हणजे शर्यतीच्या अगदी छोट्या मोटारींच्या संघटित शर्यती १९३३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाल्या, असे साधारणपणे मानले जाते. त्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतील चालक बिल शिंडलर १९०९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. १९३६ मध्ये लाँग आयलंडवरील मिनिओला येथे मिजेटहून मोठी शर्यतीची मोटार चालवताना झालेल्या अपघातात त्याने डावा पाय गमावला. तरीही तो कृत्रिम पाय लावून मिजेटमध्ये परतला. ही मोटार मागून ढकलून सुरू करत आणि तिला क्लच नसे, त्यामुळे डाव्या पायाचे नेहमीचे मुख्य कामच तिच्यात उरत नव्हते.

त्याच्या कारकिर्दीविषयी लिहिताना ‘आउटलॉ’ हा शब्द टाळता येत नाही आणि घोटाळाही तिथेच होतो. मोटारचालकांची एक राष्ट्रीय संघटना त्या काळी शर्यतींना मान्यता देत असे, आणि तिच्या मान्यतेशिवाय भरलेल्या शर्यतीत जो उतरेल त्याला आपल्या शर्यतींची दारे बंद करत असे. मान्यता नसलेल्या शर्यती त्या ‘आउटलॉ’. मराठीत त्यांना ‘बेकायदा’ म्हणणे साफ चुकीचे ठरेल, कारण तिथे कोणताही कायदा मोडला जात नव्हता. ‘मान्यताबाह्य’ हा शब्द रुक्ष असला तरी खरा आहे. लहान धावपट्टीवर, दिव्यांच्या उजेडात, आठवड्यातून अनेक रात्री धावून पोट भरणाऱ्या चालकाला मोजक्या मान्यताप्राप्त शर्यतींची वाट पाहायला सांगणे प्रस्तुत लेखकाला अन्यायाचेच वाटते. पूर्वेकडील मिजेटचालकांनी अखेर स्वतःची संघटना उभी केली आणि तिचे अध्यक्षपद या चालकानेही सांभाळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टेडियम भरू लागले, तेव्हा एकाच हंगामात त्याने पन्नासहून अधिक मुख्य शर्यती जिंकल्या.

पुढे तो मान्यताप्राप्त शर्यतींत उतरला आणि १९५०, १९५१ व १९५२ अशी सलग तीन वर्षे इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत धावला. ती शर्यत तेव्हा जागतिक अजिंक्यपदात मोजली जात असल्यामुळे आजच्या फॉर्म्युला वनच्या नोंदवह्यांत त्याच्या नावापुढे तीन शर्यती आणि शून्य गुण दिसतात. मिजेटमधील विजयांना त्या नोंदीत जागाच नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे स्प्रिंट मोटारीच्या (मिजेटहून मोठ्या शर्यतीच्या मोटारीच्या) अपघातात त्याचा मृत्यू झाला.