कात्री, सुरी आणि एक यादी: चिनी कातरकामाची पार्श्वभूमी

वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना इथल्या कबरींत सहाव्या शतकातली कागदाची गोल कातरकामे सापडली. घड्या घालून कापलेली, म्हणून घोडे आणि माकडे जोडीजोडीने. त्यानंतरच्या शतकांतले, खिडकीवर चिकटवायचे काम फारसे उरले नाही. खिडक्यांना काचेऐवजी कागद असे. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, तो जुना कागद काढून नवा लावत, आणि त्यावरची कातरकामे त्याच्याबरोबर जात.

नमुने टिकले ते काजळीमुळे. जुना नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून पाण्याने भिजवायचा, दोन्ही एका फळीवर सपाट बसवायचे आणि पेटत्या दिव्यावर फळी उपडी फिरवत राहायचे. उघडा कागद काळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. फळी एका जागी थांबली की कागद करपतो. मधेच सुकला तर नमुन्याची कड उचलली जाते आणि काजळी खाली शिरते.

उत्तर चीनमधल्या यानआन परिसरातल्या काही बायका मात्र ना काजळी वापरत, ना पेन्सिल. थेट कात्री. आधी आतली छिद्रे, मग बाहेरची कड. उलटे केले तर कागद धरायला जागाच उरत नाही. कात्री जवळपास स्थिर, फिरतो तो कागद. वळणावर पाती टोकापर्यंत मिटली की तिथे खाच पडते. जनावराची लव काढायची तर आधी चंद्रकोरीसारखी फट पाडून तिच्या एका कडेला बारीक छेद देतात, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळते. सगळ्या रेषा कुठेतरी जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. एक सांधा तुटला की तेवढा भाग गळून पडतो.

1940 च्या दशकात यानआनमधल्या चित्रकारांनी या खिडकीच्या फुलांत शेती, साक्षरता आणि सैनिक आणले. विषय ठरवून द्यायचा म्हटल्यावर आधी रेखाटन आले. 1966 नंतर सांस्कृतिक क्रांतीत, ‘जुन्या’ गोष्टींविरुद्धच्या मोहिमेत अनेक घरांतले नमुने नष्ट झाले. नमुना नसतानाही ज्यांना कापता येत होते, त्यांना पुढे भाव आला: 1980 साली यानआनची कातरकामे बीजिंगमध्ये प्रदर्शनात मांडली गेली.

कात्रीचे आणि सुरीचे काम एकच मानावे का, हा वाद त्यानंतरचा. 2006 च्या राष्ट्रीय वारसा यादीत आणि 2009 च्या युनेस्कोच्या नोंदीत सगळे कातरकाम एकाच नावाखाली आले. हबेई प्रांतातल्या यूश्येनचे काम सुरीचे: पातळ कागदाची चळत मेणाच्या पाटावर ठेवून वरून कोरायची आणि मग दारू मिसळलेल्या रंगाने रंगवायची, म्हणजे रंग खालच्या थरापर्यंत झिरपतो. एका बैठकीत एकसारख्या प्रती निघतात. कात्रीला ते जमत नाही. चारेक थरांपुढे आतले कागद सरकतात, खालच्या प्रतीतले डोळे कानाकडे जातात. म्हणून थर कागदाच्या पिळाने टाचतात, तरी मर्यादा राहतेच. चळत कोरणे हलके काम नव्हे, पण त्यात निर्णय आराखड्यात होतो. मोकळ्या हाताने कात्री चालवताना तो कापताकापता होतो, आणि चुकलेल्या छेदाचे झाडाचे पान करून पुढे जावे लागते. एका नोंदीत दोन्ही बसवणे प्रशासनाला सोयीचे. शिकवणाऱ्याला तितके नाही. आराखड्यावरून शिकवले की चार दिवसांत विकण्याजोगा माल होतो, मोकळ्या हाताला वर्षे लागतात.

काचेच्या खिडक्या आल्यावर मापही बदलले. जाळीच्या चौकोनात बसणारे वीतभर काम चौकटीत टांगण्यासाठी हातभर झाले, आणि मोठ्या कागदावर मोकळ्या हाताने तोल सांभाळणे अवघड असल्याने पेन्सिल पुन्हा परतली.