३० मिलीची बाटली

लंगडणाऱ्या बैलाच्या सुजेवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचायचं, तर किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम लागतं. बैल साडेतीनशे किलोचा असेल तर साडेतीनशे मिलिग्रॅम. माणसाला एका वेळी ७५ पुरतं, म्हणजे जेमतेम ३ मिली. मग ‘फक्त माणसांसाठी’ असं छापलेली ३० मिलीची बाटली नेमकी कोणत्या माणसासाठी होती?

या बाटलीकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात १९८७-८८ साली पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करत होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९६-९७ मध्ये पुन्हा मोजदाद केली, तेव्हा त्या १५० उरल्या होत्या. झाडांवर गिधाडं मान खाली टाकून बसायची आणि तशीच गळून पडायची. १९९२ ते २००७ या काळात देशातली ही जात ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं.

सुरुवातीला संशय विषाणूवर होता, कीटकनाशकांवरही होता. खुलासा झाला पाकिस्तानी पंजाबात. पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची पोटं उघडली, तेव्हा यकृतावर आणि हृदयावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर दिसला. हे युरिक आम्ल. पक्षी शरीरातला नायट्रोजनचा कचरा याच रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंड बंद पडलं की तो आतल्या आत साचतो. मूत्रपिंड बिघडवणारं आणि पोटातून शोषलं जाणारं नवं काय आलंय, याची गुरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी झाली. उत्तर एकच मिळालं, डायक्लोफेनॅक. असा थर सापडलेल्या, तपासलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या मूत्रपिंडात ते होतं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नव्हतं. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. जीवशास्त्रात इतका स्वच्छ निकाल क्वचितच हाती येतो.

तरीही अधिकारी विचारणारच: सगळ्या गुरांना कुठे हे औषध देतात? त्याचं उत्तर गणिताने दिलं. एका मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवाच्या थवा जेवतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे १३० ते ७६० मृत जनावरांमागे एक जरी विषारी निघालं, तरी एवढी घसरण व्हायला पुरेसं होतं. प्रत्यक्षात भारतात तपासलेल्या यकृतांपैकी सुमारे १० टक्क्यांत औषध सापडलं!

पण माझ्या मते धोरण हललं ते पुराव्याच्या वजनाने नव्हे, पर्यायामुळे. मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने बंदीची शिफारस केली. तरी शेतकऱ्याच्या बैलाचं दुखणं तसंच ठेवून कोणतंही सरकार सही करत नाही, आणि करूही नये. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक बाजारात होतंच. ते गिधाडांना बाधत नाही, हे आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग भारतात गिधाडांना देऊन तपासलं गेलं. निष्कर्ष २००६ च्या सुरुवातीला छापून आले आणि मे महिन्यात औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करण्याचा आदेश काढला. २००८ मध्ये राजपत्रात अधिसूचना आली. आपल्या सरकारी गतीच्या मानाने हे सुसाटच म्हणायचं.

आणि इथेच ती बाटली येते. बंदी होती जनावरांसाठीच्या औषधावर. माणसांसाठीचं तेच औषध राजरोस विकलं जात होतं, आणि ३० मिलीच्या बाटलीत माणसाचे १० डोस किंवा एका बैलाची सोय आरामात होत होती. विष रेणूत होतं, कायदा मात्र लेबलवर लिहिला गेला. एका वेळच्या मात्रेपुरतीच कुपी विकायचा नियम यायला २०१५ उजाडलं. काही कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या; २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

तोवर दुसरी गळती लागली होती. ॲसिक्लोफेनॅक हे नावाने वेगळं औषध, पण गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. किटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरलं. दोन्हींवर जनावरांपुरती बंदी आली ती २०२३ मध्ये.

या ऱ्हासाची किंमत फक्त गिधाडांनीच मोजली असं नाही. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती असे जिल्हे आणि इतर जिल्हे यांच्या मृत्युदरांची तुलना केली. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली, असा त्यांचा २०२४ मधला अंदाज आहे. सडणारी ढोरं, नासलेलं पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज. हा आकडा बंदीच्या वेळीच टेबलावर असता तर ती बाटली इतकी वर्षं टिकली असती का, हा प्रश्न मला सतावतो.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रातून २० गिधाडं महाराष्ट्रात, पेंच आणि ताडोब्याला आणली गेली. पिंजऱ्यात त्यांना मिळणारं मांस माणसं निवडतात. बाहेर उडाल्यावर समोरच्या बैलाला शेवटच्या आठवड्यात काय टोचलं होतं, हे फक्त गुरांच्या डॉक्टरला ठाऊक असतं. गिधाडांना घातक ठरलेलं औषध जनावरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावं, अशी व्यवस्था केंद्र सरकारच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात लिहिलेली होती. तरी निमेसुलाईड या आणखी एका वेदनाशामकाची पाळी स्वतंत्र अधिसूचनेनेच आली, डिसेंबर २०२४ मध्ये.