पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्र

पश्चिम बंगालमधील कोलकाता शहराच्या पूर्वेस पसरलेला तळी, भातखाचरे आणि भाजीमळ्यांचा सुमारे १२,५०० हेक्टरांचा पट्टा. शहराच्या सांडपाण्यावर मासे, भात व भाजीपाला पिकवता पिकवता ते पाणी शुद्ध करणारी ही व्यवस्था जगातील सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक मानली जाते. २००२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, तिचा समावेश झाला.

कोलकात्याच्या जमिनीचा उतार हुगळी नदीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वी त्या बाजूच्या विद्याधरी नदीत सोडले जाई. नदी गाळाने भरत गेली, भरतीचे खारे पाणी येईनासे झाले, तेव्हा तेथील मत्स्यपालकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तळ्यांत सांडपाणी घेण्यास सुरुवात केली. आजची पद्धत त्यांच्याच अनुभवातून घडली.

मत्स्यतळ्यांना येथे ‘भेडी’ म्हणतात. हिवाळ्यात भेडी उपसून तळ उन्हात वाळवतात, गाळ काढतात. मग सांडपाणी आत घेऊन काही दिवस तसेच ठेवतात. तळे उथळ असल्याने ऊन खोलवर पोहोचते. शेवाळ वाढून प्राणवायू सोडते आणि जीवाणू घाणीचे विघटन करतात. पाणी निवळले असे वाटले तरी सगळी बोटुकली (माशांची पिल्ले) एकदम सोडत नाहीत. आधी थोडी सोडून ती जगतात का ते पाहतात. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ, तिलापिया वाढवतात आणि सांडपाणी बेताबेताने देत राहतात. एरवी उपद्रवी ठरणारी जलपर्णी येथे काठाने मुद्दाम राखली जाते. ती लाटांपासून बांध वाचवते व पाण्यातील जड धातू शोषते. भेडीतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला मिळते. धापा येथे शहराच्या जुन्या कचऱ्यावर भाजीमळे पिकतात.

राज्य शासनातील अभियंता ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) यांनी १९८०च्या दशकात या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे मोल जगापुढे मांडले. या ज्ञानाचे खरे धनी मच्छीमार व शेतकरीच, ही त्यांची भूमिका आजही महत्त्वाची वाटते.

सॉल्ट लेक ही वसाहत १९६०च्या दशकापासून याच भागातील तळी बुजवून उभी राहिली. पुढे १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने उरलेल्या क्षेत्राचा वापर बदलण्यास मनाई केली व २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही भराव व बांधकामे थांबलेली नाहीत. केवळ बांधकामबंदी पुरेशी नाही, कारण कालवे गाळाने भरले की भेडीला सांडपाणी कमी पडते, मासे घटतात आणि तोट्यातले तळे विकणे मालकाला सोपे वाटते.