डिसेंबरचा उतार जूनपर्यंत पुरत नाही

सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा ही लांब पल्ल्याची डोंगरी शर्यत धावून आलेला माणूस ओळखायचा असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरताना बघावं. चढताना तो चारचौघांसारखाच चढतो. उतरताना मात्र कठडा धरून, अंग आडवं करून, खेकड्यासारखा एकेक पायरी उतरतो. हे ५३ किलोमीटरवाल्यांचं झालं. १०० किलोमीटरवाले जिन्याच्या वाटेलाच जात नाहीत, लिफ्टची वाट बघत उभे राहतात.

डिसेंबरात होणाऱ्या या शर्यतीत ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटरचे गट असतात. तिथे धावणाऱ्या काही जणांचा डोळा पुढच्या जूनवर असतो. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स असते. पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधलं सुमारे ९० किलोमीटरचं अंतर बारा तासांत कापायचं. १९२१ पासून चालत आलेली ही शर्यत साधारणपणे एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे ‘अप’, आणि दुसऱ्या वर्षी उलट, म्हणजे ‘डाउन’ धावली जाते. सह्याद्री ही तिची रंगीत तालीम. आता मुरमाड पायवाटेचा आणि आफ्रिकेतल्या डांबराचा काय संबंध, असं विचारलं की ‘स्टॅमिना’ हे उत्तर ठरलेलं. मला ते अर्धवट वाटतं. स्टॅमिना कात्रजच्या टेकड्यांवरही कमावता येतो. तोरण्याचा उतार देतो ती गोष्ट वेगळी आहे, आणि तिला मुदत असते.

उताराची गंमत अशी की तो फुप्फुसांना स्वस्त आणि मांड्यांना महाग पडतो. इटलीतल्या अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी धावकांना तिरक्या ट्रेडमिलवर पळवून मोजलं. सपाटीवर एक मीटर पळायला शरीराच्या दर किलोमागे साधारण ३.४ ज्यूल लागतात. वीस टक्के उतारावर हाच आकडा १.७ च्या आसपास येतो. निम्म्या खर्चात काम होतं, मग दुसऱ्या दिवशी जिना का उतरवत नाही?

डोक्यावरची भरलेली कळशी हळूच खाली ठेवून बघा. दंडाचा स्नायू वजन पेलत असतो, पण आखडत नसतो, लांबत असतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू, धावकांच्या भाषेत क्वाड्स, हेच करतो. गुडघा वाकतो, स्नायू ताणला जातो आणि ताणला जाता जाताच ब्रेक लावतो. या कामाला शरीरशास्त्रात एक्सेंट्रिक म्हणतात.

ते किती स्वस्त पडतं, हे १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी फार मजेदार पद्धतीने दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पॅडल मारायचं आणि दुसऱ्याने आपल्या पायाखाली उलट फिरणारं पॅडल अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू लागला त्याच्या मानाने किरकोळ. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग सगळ्यांसमोर झाला, तेव्हा अडवायला बसलेल्या तरुणीने पॅडल मारणाऱ्या तरुणाची थोड्याच वेळात दमछाक केली.

स्वस्ताईचं कारणच दुखण्याचंही कारण आहे. ताणला जाणारा स्नायू तेवढंच वजन कमी तंतूंवर भागवतो, म्हणून कामावर असलेल्या एकेका तंतूवर भार जास्त येतो. तंतूमध्ये मण्यांच्या माळेसारखे सार्कोमिअर, म्हणजे आखडणारे बारीक घटक, असतात. त्यातले काही कमजोर मणी प्रमाणाबाहेर ताणले जातात, आसपासची पटलं फाटतात, दुरुस्तीसाठी सूज येते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं ते म्हणूनच. बिचाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडचा यात हात नाही. ते थांबल्यावर तासा-दोन तासांतच निघून गेलेलं असतं.

नुकसानही साधंसुधं नसतं. २००९ मध्ये आल्प्समधली १६६ किलोमीटरची यूटीएमबी ही शर्यत पुरी केलेल्या धावकांच्या मांड्यांचा जोर मोजला, तर तो सरासरी पस्तीसेक टक्क्यांनी उतरला होता. त्यातला काही वाटा मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणाऱ्या हुकमांचा होता, पण स्नायूही खिळखिळे झालेच होते.

मात्र दुधाने तोंड पोळलेला स्नायू पुढच्या वेळी ताकही फुंकून पितो. तोच उतार काही आठवड्यांनी पुन्हा धावला तर दुखणं, सूज आणि रक्तात गळणारी स्नायूतली प्रथिनं, सगळंच बरंच कमी होतं. शास्त्रज्ञ याला ‘रिपीटेड बाउट इफेक्ट’ म्हणतात. तो कसा घडतो याची उत्तरं एकाहून जास्त आहेत. माझं आवडतं उत्तर उंदरांकडून आलंय. १९९४ मध्ये लिन आणि मॉर्गन यांनी काही उंदीर चढावर पळवले, काही उतारावर. उतारवाल्यांच्या मांडीतल्या तंतूंमध्ये जास्त सार्कोमिअर सापडले. माळेत मणी वाढले की तेवढ्याच ताणात एकेका मण्याच्या वाट्याला कमी ओढ येते.

आता मुदतीचा मुद्दा. १९८५ मध्ये बर्न्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना उतारावर पळवलं आणि तीन, सहा किंवा नऊ आठवड्यांनी पुन्हा पळवलं. तीन आणि सहा आठवड्यांनी आलेल्यांना संरक्षण मिळालं. नऊ आठवड्यांनी आलेल्यांच्या मांड्या कोऱ्या पाटीसारख्या. अर्थात हा एकाच वेळच्या धावण्याचा हिशेब आहे. अधूनमधून उतार धावत राहणाऱ्याची पाटी अशी पुसली जात नाही. पण डिसेंबरात तोरणा उतरून नंतर पाच महिने नदीकाठच्या सपाट रस्त्यावर पळणाऱ्याने जूनमध्ये त्या उताराच्या भरवशावर राहू नये. डाउन रनमध्ये डर्बन पंचवीसेक किलोमीटरवर आलेलं असताना फील्ड्स हिलचा लांबलचक उतार लागतो आणि मांड्यांचा निकाल तिथे लागतो.

मग डिसेंबरातून हाती काय राहतं? पोटाची ओळख. जोरात धावताना आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि तिथेच तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं ढकलायची असतात. म्हणजे दोन-अडीच केळी, किंवा बारा चमचे साखर. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या दारांनी शिरतात, म्हणून दोन्ही मिळून जास्त पचतं. साखरेत दोन्ही निम्मं-निम्मं असतं, त्यामुळे आपलं लिंबू सरबत दिसतं तितकं गावठी नाही. सहाव्या तासाला आपल्याला चिक्की चालते की तिच्या वासानेही मळमळतं, हे घरात बसून कळत नाही. ते कळलं की वहीत लिहून ठेवता येतं आणि पुन्हा पुन्हा सराव करून पोटाला वळणही लावता येतं. मांड्यांना असं लिहून ठेवता येत नाही.

त्यांची उजळणी शर्यतीच्या तीन ते सहा आठवडे आधी करावी लागते, आणि कॉम्रेड्ससाठी ती डांबरावरच बरी. त्याहून जवळ केली तर दुरुस्ती पुरी व्हायच्या आतच शर्यत येते. म्हणून मे महिन्यात पहाटे, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, सिंहगडाच्या घाटात कुणी नुसतंच खाली पळताना दिसला तर त्याला हसू नये. पायवाटेने घाम गाळत वर येणारे रविवारचे गडकरी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात, कारण तो वर जीपने आलेला असतो. खाली पोचला की तो पुन्हा जीपच शोधतो.