मॅरियन हॅमर आणि फ्लोरिडातील बंदूक कायद्यांना विरोध

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात बंदुकीवर बंधने आणू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विधेयकाच्या आड सुमारे चार दशके एकच व्यक्ती उभी राहिली. मॅरियन हॅमर (जन्म १९३९) या नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेच्या, राज्याची राजधानी टॅलाहासी येथील लॉबिइस्ट होत्या. त्या कधी निवडणूक लढल्या नाहीत, मंत्री झाल्या नाहीत. तरी त्यांच्या शब्दावर राज्याचे कायदे घडले आणि अडले. फेब्रुवारी २०१८ मधील पार्कलंडच्या शाळेतील हत्याकांडानंतर राज्याने जो कायदा केला, त्याला त्यांनी उघडपणे विरोध केला. त्याआधीच्या कित्येक वर्षांतला त्यांचा तो पहिला मोठा पराभव होता.

लॉबिइस्ट म्हणजे एखाद्या संघटनेची किंवा धंद्याची बाजू आमदारांच्या गळी उतरवण्याचे काम पगारावर करणारा माणूस. आपल्याकडे असे काम चालते, पण त्यासाठी वेगळा कायदा नाही. फ्लोरिडात मात्र लॉबिइस्टला रीतसर नोंदणी करावी लागते. आणखी एक खुलासा हवा. तिथला गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा केंद्राने नेमलेला नसतो. तो लोकांनी थेट निवडून दिलेला राज्यप्रमुख असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्याचे बरेचसे अधिकार त्याच्याकडे असतात. विधिमंडळात ४० जणांचे सिनेट आणि १२० जणांचे प्रतिनिधिगृह, आणि नियमित अधिवेशन वर्षाला अवघे ६० दिवस. या ६० दिवसांत विधेयक दोन्ही सभागृहांच्या समित्यांमधून बाहेर पडले नाही, तर त्या वर्षापुरते ते संपले. हॅमर यांचे सगळे कसब या ६० दिवसांच्या गणितावर उभे होते.

कायद्याची जमीन

अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती (१७९१) शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले आणि २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू केला. पण बंदूक कोणी, कधी, कशी विकत घ्यावी याचे बहुतेक तपशील राज्यांच्याच हाती राहिले. फ्लोरिडाच्या स्वतःच्या घटनेतही हा हक्क आहे. मात्र शस्त्र कोणत्या रीतीने बाळगायचे, याचे नियमन कायद्याने करता येईल, अशी पुस्ती तिला जोडलेली आहे. दोन्ही बाजूंचे भांडण त्या पुस्तीवर चालते.

भारतीय वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना हा अर्ज करून, कारण पटवून, अधिकाऱ्याच्या समाधानावर मिळणारा असतो. फ्लोरिडात १९८७ पासून गणित उलटे झाले. अटी पूर्ण करणाऱ्याला अंगावर लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना नाकारण्याची मोकळीक अधिकाऱ्याला उरली नाही. हा बदल घडवून आणण्यात हॅमर यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

घडण

हॅमर यांचा जन्म साउथ कॅरोलायनातील कोलंबिया इथला. वडील दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईत मारले गेले आणि त्या आजी-आजोबांच्या शेतावर वाढल्या. नेम धरायला लहानपणीच आजोबांनी शिकवले. १९७० च्या दशकात त्या फ्लोरिडात आल्या आणि युनिफाइड स्पोर्ट्समेन ऑफ फ्लोरिडा या एनआरएशी संलग्न संघटनेचे काम पाहू लागल्या. उंची पाच फुटांच्याही आत. १९८० च्या दशकातला एक प्रसंग त्या जाहीरपणे अनेकदा सांगत: टॅलाहासीतल्या वाहनतळाच्या इमारतीत रात्री गाडीतून काही पुरुष त्यांच्या मागे लागले, हॅमर यांनी पर्समधले रिव्हॉल्वर काढून रोखले आणि ती गाडी मागे फिरली. एकट्या बाईने रात्री घरी कसे जायचे, हा प्रश्न हॅमर विधिमंडळाच्या समितीसमोर ठेवत, तेव्हा समोरच्या आमदाराला आकडेवारीने उत्तर देणे अवघड जाई. त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्यानेही हे मान्य करायला हवे की ती भीती खरी होती. बंदूक हे तिच्यावरचे योग्य उत्तर आहे का, हा वाद वेगळा.

१९९५ ते १९९८ या काळात त्या एनआरएच्या अध्यक्षा होत्या. १८७१ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. लहान मुलांना बंदूक दिसल्यास ‘थांबा, हात लावू नका, तिथून निघा, मोठ्यांना सांगा’ असे शिकवणारा ‘एडी ईगल’ हा कार्यक्रमही १९८८ मध्ये त्यांनीच सुरू केला.

पद्धत

१९८७ पूर्वी छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना प्रत्येक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आपापल्या मर्जीने देई. त्या वर्षी गव्हर्नर बॉब मार्टिनेझ यांनी सही केलेल्या कायद्याने संपूर्ण राज्याला एकच नियम आला. शहरांना आणि काउंट्यांना बंदुकांबद्दल वेगळे नियम करण्याची मनाईही त्याच वर्षी झाली. ‘सनशाइन स्टेट’ म्हणून मिरवणाऱ्या राज्याला टीकाकारांनी ‘गनशाइन स्टेट’ म्हणायला सुरुवात केली. बघता बघता इतर राज्यांनी हाच नमुना उचलला. फ्लोरिडात हे परवाने पुढे २० लाखांच्या वर गेले.

हे यश पैशाच्या जोरावर मिळाले, असे सर्रास म्हटले जाते. ते अपुरे आहे. फ्लोरिडाच्या २००५ च्या कायद्याने लॉबिइस्टला आमदारावर एक कप कॉफीचाही खर्च करता येत नाही. हॅमर यांचे खरे भांडवल होते याद्या. राज्यभरातल्या सदस्यांना त्यांचा ईमेल जाई. काही शब्द ठळक, काही ओळी सगळ्या मोठ्या अक्षरांत, खाली संबंधित समितीतल्या आमदारांचे पत्ते तयार. सदस्याने फक्त पत्र पाठवायचे. दुसऱ्या दिवशी आमदाराच्या कार्यालयात पत्रांचा खच. शिवाय एनआरए प्रत्येक उमेदवाराला शाळेतल्यासारखी श्रेणी देते, अ अधिकपासून थेट नापासापर्यंत. रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, थोडक्या मतांनी निकाल फिरतो आणि बंदूकधारक मतदार ती श्रेणी लक्षात ठेवूनच मतदानाला येतो. बंधने हवी असणारे लोक संख्येने कमी नव्हते. १९९० मध्ये पिस्तूल-रिव्हॉल्वर खरेदीसाठी तीन दिवसांच्या प्रतीक्षेची घटनादुरुस्ती फ्लोरिडाच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने मंजूर केली होती. पण ते लोक मत देऊन घरी गेले. हॅमर घरी गेल्या नाहीत. त्या दरवर्षी समितीच्या खोलीत हजर असत, आणि त्यांच्या विरोधाचे मर्म मला यातच दिसते. मताला येण्याआधीच विधेयक समितीत झोपवायचे, म्हणजे कोणाला जाहीरपणे ‘नाही’ म्हणावे लागत नाही.

एकाहून एक कायदे याच वाटेने आले. २००५ मध्ये गव्हर्नर जेब बुश यांनी सही केलेला ‘स्टँड युवर ग्राउंड’ कायदा सर्वांत गाजला. धोका वाटला तर माघार घेण्याचे बंधन नाही, तिथेच उभे राहून प्राणघातक बळ वापरता येते, असे तो सांगतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला, पुढच्या वर्षी आरोपी निर्दोष सुटला, आणि हा कायदा जगभर चर्चेत आला. तो मागे घेण्याच्या मागणीला हॅमर यांनी दाद दिली नाही. उलट २०१७ मध्ये सुनावणीपूर्व टप्प्यावर पुराव्याचा भार आरोपीकडून सरकारी पक्षावर टाकणारी दुरुस्ती त्यांच्या पाठिंब्याने मंजूर झाली. २०११ चे दोन कायदे मात्र विरोधाची हद्द कुठवर जाऊ शकते ते दाखवतात. एकाने, शहराने स्वतःचा बंदूक नियम केल्यास नगरसेवक-महापौरांना व्यक्तिशः ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि गव्हर्नरकडून पदच्युती अशी तरतूद केली. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती कायम ठेवली. दुसऱ्याने, घरात बंदूक आहे का, हे रुग्णाला विचारण्यावर डॉक्टरांना निर्बंध घातले. लहान मुलाच्या घरात विषारी औषधे उघडी आहेत का, हे डॉक्टर विचारतात तसाच हा प्रश्न. तो विचारण्याचा डॉक्टरांचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली येतो, असे म्हणून संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्या कायद्याचा गाभा रद्द केला.

पार्कलंड, २०१८

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये १९ वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने एआर-१५ धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलने १४ विद्यार्थी आणि ३ कर्मचाऱ्यांना ठार केले. आणखी १७ जण जखमी झाले. रायफल त्याने कायदेशीरपणे विकत घेतली होती. १९६८ च्या संघीय कायद्याने परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, रायफल किंवा शॉटगनला मात्र १८ पुरतात. ही फट तेव्हा सगळ्या देशाला दिसली.

सहा दिवसांनी, २० फेब्रुवारीला, प्रतिनिधिगृहात अशा रायफलींवरील बंदीचे विधेयक चर्चेला घेण्याचा ठराव ३६ विरुद्ध ७१ मतांनी पडला. त्या शाळेचे काही विद्यार्थी तेव्हा प्रेक्षक सज्जात होते. त्यांच्यातली एक मुलगी तोंडावर हात धरून रडतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सर्वत्र छापून आले. आणखी मुले बस भरभरून टॅलाहासीला येत होती. ती आमदारांच्या दारात बसली आणि हटली नाहीत. हॅमर यांच्या याद्यांना तोलामोलाची गर्दी समोर उभी राहण्याची ही पहिलीच वेळ.

अधिवेशन संपायला थोडेच दिवस उरले असताना विधेयक आले. सर्व बंदुकांच्या खरेदीसाठी किमान वय २१, रायफल-शॉटगनलाही तीन दिवसांची प्रतीक्षा, पण प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऱ्यांना त्यातून सूट, गोळ्या स्वयंचलित बंदुकीच्या वेगाने सुटाव्यात म्हणून रायफलला जोडायच्या ‘बंप स्टॉक’वर बंदी, धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे पोलिसांच्या अर्जावरून, न्यायालयाच्या आदेशाने, एक वर्षापर्यंत काढून घेण्याची सोय, शाळांची सुरक्षा आणि मानसिक आरोग्य यांसाठी सुमारे ४० कोटी डॉलर, आणि शाळेतील काही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन शस्त्र देण्याची योजना. या योजनेला मुलांना वाचवताना मारले गेलेले प्रशिक्षक ॲरन फाइस यांचे नाव दिले गेले.

हॅमर यांनी सदस्यांना एकामागून एक इशारे पाठवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. एका माथेफिरूच्या गुन्ह्याची शिक्षा कायदा पाळणाऱ्या तरुणांना का? १८ वर्षांचा मुलगा सैन्यात जाऊन रायफल चालवतो, मग स्वतःच्या घरात ती विकत का घेऊ शकत नाही? चूक यंत्रणेची आहे, कारण त्या तरुणाविषयी आधीच इशारे मिळाले होते. यातला शेवटचा मुद्दा खोटा नव्हता. जानेवारीत आलेल्या सूचनेवर कारवाई झाली नाही, हे एफबीआयने स्वतः कबूल केले होते. पण यंत्रणा चुकली म्हणून दुकानाचे दार उघडेच ठेवावे, हे त्यातून निघत नाही. त्या तरुणाला दुकानदाराने नाकारले असते, तर पुढची चूक घडायला वावच राहिला नसता.

३ मार्चच्या शनिवारी सिनेटमध्ये एआर-१५ च्या विक्रीला दोन वर्षे स्थगिती देणारी दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली आणि काही मिनिटांतच फेरमतदान घेऊन ती उलटवण्यात आली. ५ मार्चला मूळ विधेयक २० विरुद्ध १८ असे निसटते पार पडले. त्या १८ जणांत दोन्ही पक्षांचे आमदार होते. काहींना वयाची अट नको होती, तर काहींना शाळेत शस्त्र नको होते. ७ मार्चला प्रतिनिधिगृहाने ६७ विरुद्ध ५० मतांनी संमती दिली. ९ मार्चला गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सही केली. हेच स्कॉट एनआरएच्या अ अधिक श्रेणीचे मानकरी होते आणि काही वर्षांपूर्वी हॅमर यांनीच त्यांच्या बंदूकस्नेही कायद्यांची तोंडभरून स्तुती केली होती. आता हॅमर यांनी पक्षनेतृत्वावर दबावाचा आणि बाजूने मत देणाऱ्यांवर विश्वासघाताचा आरोप केला.

न्यायालयात

सही झाली त्याच दिवशी एनआरएने वयाच्या अटीविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. वादी म्हणून १९ वर्षांच्या एका तरुणीला नाव गुप्त ठेवून जोडू द्यावे, अशी संघटनेची विनंती होती. त्यासाठी हॅमर यांनी आपल्याला आलेले शिवीगाळीचे आणि धमक्यांचे ईमेल शपथपत्रासोबत सादर केले. ते वाचवत नाहीत. मुलांच्या मृत्यूचा संताप कितीही रास्त असला, तरी एका वृद्ध स्त्रीला असे लिहिणाऱ्यांनी त्या मुलांच्याच बाजूचे नुकसान केले. न्यायाधीश मार्क वॉकर यांनी त्या पत्रांची दखल घेतली, पण न्यायालयीन काम खुलेपणाने चालावे हे तत्त्व मोठे मानून विनंती नाइलाजाने फेटाळली.

२०२१ मध्ये वॉकर यांनी कायदा वैध ठरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने कसोटीच बदलली आणि आधुनिक बंधनाला ऐतिहासिक परंपरेचा आधार दाखवणे सरकारला भाग पडले. मार्च २०२५ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्याखाली येते त्या संघीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने ८ विरुद्ध ४ मतांनी कायदा पुन्हा कायम ठेवला. मुख्य न्यायाधीश विल्यम प्रायर यांनी लिहिले की, राष्ट्राच्या स्थापनेच्या काळात २१ वर्षांखालील व्यक्ती अल्पवयीन समजली जाई आणि तिला करार करण्याची पूर्ण क्षमता नसे. शिवाय फ्लोरिडाचा कायदा खरेदीला अडवतो, पालकांनी दिलेली बंदूक वापरायला नाही. एनआरएने त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. राज्याचे नवे महाधिवक्ता जेम्स उथमायर यांनी मात्र आपण या कायद्याची बाजू मांडणार नाही, असे जाहीर केले.

दरम्यान हॅमर २०२२ मध्ये लॉबिंगमधून निवृत्त झाल्या. १ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात छुपे शस्त्र बाळगायला परवानाच लागेनासा झाला. म्हणजे १९८७ मध्ये त्यांनी मिळवलेल्या परवाना पद्धतीचीही गरज उरली नाही. शस्त्रे काढून घेण्याचे आदेश मात्र न्यायालयांनी २०१८ पासून हजारो प्रकरणांत दिले आहेत. खरेदीचे वय पुन्हा १८ करण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे मंजूर केले. तिन्ही वेळा सिनेटने ते मतालाच घेतले नाही.