छबिलदासचं भाडं

नव्या धाटणीचं नाटक पडलं की खापर प्रेक्षकावर फुटतं: लोकांना फार्सच हवेत. मला हे फारसं पटत नाही. आधी हिशेब बघायला हवा.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटकाचा खेळ केला तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयावर. १८५१ साली चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ साली मुंबई गाठली. तेव्हापासून मराठी नाटकाचं पोट तिकिटावर. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' आणलं. बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या, गाणी मोजकी. नाव झालं, पण संस्था फार काळ तगली नाही. बोलपट आलेच होते.

व्यावसायिक नाटकाचा खर्च प्रयोगागणिक लागतो. नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), सेटचा टेम्पो, पेपरातली जाहिरात. पडदा उघडण्याआधीच एवढी रक्कम गेलेली असते, मग आत पन्नास माणसं असोत की आठशे. ओळखीचं नाटक पहिल्याच रविवारी गल्ला भरतं. वेगळ्या नाटकाचं नाव कानोकान व्हायला दहा-पंधरा प्रयोग लागतात, आणि तेवढा तोटा सोसायला निर्माता तयार नसतो. शनिवार-रविवारच्या तारखा तो चालत्या नाटकाला देतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

१९६० साली सुरू झालेल्या 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेनं सभासदांच्या वर्गणीतून वाट काढली. पुढे ती फुटली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली 'आविष्कार' काढली आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. मोठ्या नाट्यगृहापुढे इथलं भाडं म्हणजे काहीच नाही. नाइट नाहीच, नोकऱ्या सांभाळून, ऑफिस सुटल्यावर तालमी, वर पदरमोड. खाली गल्लीत वडा खायचा, जिना चढायचा, जागा धरायची. पाच प्रयोगांत नाटक बंद पडलं तरी कुणाचं घर गहाण पडत नव्हतं, म्हणून लेखक-दिग्दर्शकांना हवं ते करून बघता आलं. आविष्कारच्याच नव्हे, इतर संस्थांच्याही.

गोची तिथेच होती. सभागृह लहान, तिकीट स्वस्त. नाटक कितीही गाजलं तरी त्यावर कुणाचं घर चालणं शक्य नव्हतं. पंचविशीतला नट वर्षानुवर्षं फुकट तालमी करतो, पस्तिशीत त्याला घराचा हप्ता असतो. कुणी व्यावसायिक नाटकात गेलं, कुणी सिनेमात, नंतर मालिकांत. तयारी छबिलदासमध्ये झाली, कमाई दुसरीकडे. त्यांना फितूर म्हणणारे तेव्हाही होते. त्यातल्या कितीजणांनी तिकीट काढून नाटकं पाहिली कोण जाणे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचं सभागृह सुटलं. 'आविष्कार'नं बिऱ्हाड माहीमला हलवलं. तिथेही नाट्यगृह नव्हे, महापालिकेची शाळा.