जुन्या कारखान्यांचे कार्यालयीन रूपांतर (बेळगाव सीमाभाग)

बंद पडलेली गिरणी, वखार किंवा मागाचा कारखाना न पाडता, मूळ सांगाडा राखून तिथे कचेऱ्या थाटणे. मुंबईत १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरणगावात हा प्रकार पुष्कळ झाला. लोअर परळचे कमला मिल आवार हे त्याचे ठळक उदाहरण.

सीमाभागातल्या औद्योगिक वास्तू आकाराने लहान, पण जातीने अनेक. गोकाकला घटप्रभेच्या ५२ मीटर उंचीच्या धबधब्याचे बळ वापरणारी सूतगिरणी १८८० च्या दशकात उभी राहिली. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात माग, उद्यमबागेत फाउंड्र्या आणि निपाणीत तंबाखूच्या वखारी.

गिरणीची शेड कचेरीला सोयीची ठरते ती छपरामुळे. करवतीच्या दात्यांसारख्या या छपराची काचेची बाजू उत्तरेकडे असते. आपल्याकडे सूर्य बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळे तिथून ऊन न येता फक्त एकसारखा उजेड येतो. सुताचा धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय संगणकाच्या पडद्यालाही मानवते. मात्र बेळगावचा पाऊस मोठा. दोन दात्यांमधली पन्हळ तुंबली की पाणी थेट आत उतरते, म्हणून खर्चाची सुरुवात तिथूनच करावी. चुन्यात बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही सर्रास होणारी चूक आहे. ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पोटमाळा हवा असेल तर तो लोखंडी आणि स्वतःच्या पायांवर उभा असावा, जुन्या भिंतींवर भार नको. सिमेंटचे जुने पत्रे असल्यास त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते फोडू नयेत, जाणकारांकडून उतरवून घ्यावेत.

वखारीचे गणित उलटे. माल राखण्यासाठी बांधलेल्या जागेला खिडक्या मोजक्याच, आणि तंबाखूचा वास लाकडात व गिलाव्यात मुरलेला. तरीही निपाणीची वखार जपण्याजोगी आहे. १९८१ चे तंबाखू आंदोलन आणि विडी कामगार बायकांचा लढा याच गावात झाला. वजनकाटा, मालाची दारे, भिंतीवरची जुनी अक्षरे जागच्या जागी ठेवली तर नव्याने कामाला येणाऱ्या मुलामुलींना आपली आजी कुठे राबली ते दिसेल.

कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी छतावरच्या उपाहारगृहाला आग लागून १४ माणसे गेली. कारखान्याच्या इमारतीत गर्दीची वर्दळ आणताना बाहेर पडायची दुसरी वाट, रुंद जिना आणि पाण्याची टाकी यांची आखणी आतल्या सजावटीआधी झाली पाहिजे.